तीनदा कुलूप

मतदानाच्या सकाळी पोस्टमनकाका रांगेत पहिले होते. टेबलावरच्या कारकुनाने यादीत बोट फिरवलं, एका ओळीवर थांबवलं आणि पान त्यांच्याकडे वळवलं. काकांच्या नावावर आडवी रेघ होती. पुढे शेरा : 'राहत नाही.' नोकरीभर परत जाणाऱ्या पाकिटांवर काकांनी हाच शेरा लिहिला होता. पानाच्या तळाशी नागरिक समितीच्या प्रमुखाची सही होती. तीही काकांचीच.

मागच्या निवडणुकीत काकांच्या बायकोच्या नावावर कुणीतरी मत टाकून गेलं होतं. ती जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. यंदा निवडणूक कार्यालयाने यादी तपासायला वस्तीची मदत मागितली, तेव्हा काका सगळ्यांत आधी पुढे झाले. नियमही त्यांनीच सुचवले. दारात कारकून आणि स्वयंसेवक जोडीने जाणार. आपली गल्ली आपण तपासायची नाही. शेजाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही. तीनदा कुलूप दिसलं की नाव कमी. कार्यालयाने ते कौतुकाने छापून घेतले.

मग महिनाभर काका सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांची दारं वाजवत होते. साहजिकच त्यांच्या दाराला कुलूप होतं.

त्यांची गल्ली शिवणकाम करणाऱ्या ताईकडे होती. ती मतदानाला आली तशी काकांनी तिला गाठलं.

"अगं, मी कुठे असतो ते तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं की. तिसऱ्या खेपेला तुम्ही कोपऱ्यावरच भेटलात. म्हटलं, काका, पाच मिनिटं घरी चला. तुम्ही म्हणालात, ओळखपाळख घरी ठेवून ये."

काकांना ते आठवलं. शेवटच्या दिवशी चष्म्याशिवाय उभ्याउभ्या केलेल्या सह्याही आठवल्या. कारकुनाने दुरुस्तीचा अर्ज पुढे केला. नाव परत लागणार होतं, पण निवडणूक झाल्यावर. तेवढ्यात काकांची नजर खालच्या ओळीवर गेली. बायकोचं नाव जसंच्या तसं होतं.

"हिचं कसं राहिलं?"

"त्या 'राहत नाही'त बसत नाहीत, काका. त्यांच्या मृत्यूची नोंद आहे. आणि मृताचं नाव काढायला घरच्यांची दारातच सही लागते. घरी कोणी नव्हतं."

"म्हणजे ती आज मत देऊ शकते?"

कारकुनाने थोडा विचार केला. "ओळखपत्र घेऊन आल्या तर."

काका घरी गेले नाहीत. त्यांनी केंद्राच्या दाराशी खुर्ची मांडली आणि येणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव विचारलं. दोघी-तिघी चिडल्या. जेवायची वेळ झाली तरी ते उठले नाहीत.

संध्याकाळी कारकुनाने समितीच्या सहीसाठी अहवाल आणला. एकही बोगस मत नाही, यादीतला एकही मतदार परत गेला नाही. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. यादीप्रमाणे ते खरंच होतं. त्यांनी सही केली आणि यादी मागून घेतली. बायकोच्या नावापुढची जागा कोरी होती.

"या वेळी तिला कुणी उठवलं नाही," ते म्हणाले, आणि खिशात किल्ली चाचपत घराकडे निघाले.