एक मोकळं टोक

आधीच सांगून टाकतो, मला पसारा खपत नाही! दारातल्या चपला एका रांगेत नसतील तर मला घास उतरत नाही. बायको म्हणते, "तुमच्याशी संसार म्हणजे रोजची तपासणी!" म्हणू दे. माणसाने टापटीप सोडू नये.

आमच्या ऑफिसच्या कोपऱ्यात नेटवर्कचा एक डबा आहे. सगळ्या कॉम्प्युटरांच्या वायरी त्यात येतात. दोन वर्षं तो गुंता माझ्या डोळ्यांत खुपत होता. शनिवारी सगळे घरी गेल्यावर मी बाह्या सरसावल्या. एकेक वायर पुसली, सरळ केली, पांढऱ्या पट्ट्यांनी जुडी बांधली, जे काही लोंबत होतं ते जागच्या जागी बसवलं. काय दिसत होतं म्हणून सांगू! नुकती वेणी घातल्यासारखं!

सोमवारी साहेबांनी आल्या आल्या विचारलं, "अरे वा! हे कोणाचं काम?"

मी हात वर केला. पाचच मिनिटांत कळलं की ऑफिसातल्या एकाही कॉम्प्युटरला नेटवर्क नाही. पण हात तर वर करून झाला होता!

त्याचं असं असतं, की कॉम्प्युटर सुरू झाला की नेटवर्ककडे स्वतःसाठी एक नंबर मागतो आणि तो त्याला आपोआप मिळतो. त्या दिवशी सगळे मागत होते आणि कोणालाच काही मिळत नव्हतं.

"काळजी नको," मी म्हणालो. "दहा मिनिटांत करतो!"

तेवढ्यात आवक-जावक सांभाळणाऱ्या ताई माझ्या टेबलाशी आल्या. चेहरा पांढराफटक.

"भाऊ, माझा बदलीचा अर्ज! आज बारापर्यंतच मुदत आहे. मिस्टरांच्या नोकरीचा दाखला आत्ता सकाळी हातात आला. आणि अर्ज फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवरूनच जातो हो!"

ताईंचे मिस्टर आणि चार वर्षांची लेक दुसऱ्या गावी. तीन वर्षं ताई दर शनिवारी जातात आणि रविवारी रात्री रडत परत येतात. ही संधी हुकली की पुढचं अख्खं वर्ष तसंच.

"ताई, मी आहे ना!" मी म्हणालो. आवाज मात्र चिरकला.

पहिला उपाय म्हणजे सगळे कॉम्प्युटर बंद करून चालू करणे. मी धडाधड बटणं दाबत सुटलो. आतून साहेबांची आरोळी आली, "माझा अहवाल कुठे गेला?" सकाळपासून लिहीत होते, साठवला नव्हता.

साडेदहा. नंबर आपोआप मिळत नाही ना, मग आपणच देऊ! माझ्या वहीत एका कॉम्प्युटरचा जुना नंबर लिहून ठेवलेला होता. तोच मी सगळ्यांना घातला. भेदभाव नको! त्याबरोबर प्रत्येक पडदा ओरडायला लागला की हा नंबर आधीच दुसऱ्या कोणाकडे आहे.

"भाऊ, सव्वाअकरा झाले," ताई म्हणाल्या.

मी डब्याकडे धावलो. त्याचे सगळे हिरवे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. "बघा ताई, केवढ्या जोरात काम चाललंय!" मी म्हणालो. ताईंनी डोळे पुसले. मला घाम फुटला.

शेवटी नाक मुठीत धरून नेटवर्कवाल्याला फोन केला.

"यायला दीड तास लागेल," तो म्हणाला. "दिवे कसे दिसतायत?"

"एकदम जोरात! सगळे एकदम!"

पलीकडून अगदी हळू आवाजात, "साहेब, वायरींना कोणी हात लावला का?"

"छे! म्हणजे, नीट लावल्यात."

"एखादी वायर डब्यातून निघून परत त्याच डब्यात गेलीय का? तसं झालं की डबा स्वतःशीच बोलत बसतो. बाकीच्यांचं ऐकायला त्याला फुरसतच राहत नाही."

माझ्या डोळ्यांपुढे शनिवार उभा राहिला. एका वायरीचं टोक मोकळं लोंबत होतं. डब्याला एक भोक रिकामं होतं. मला राहवलं नाही हो!

"कात्री!" मी किंचाळलो.

बारा वाजायला तेरा मिनिटं होती. माझी ती सुंदर जुडी मी माझ्याच हातांनी कराकरा कापली. एकेक वायर ओढत गेलो. सापडली! उपटली! दिवे शांत झाले.

"झालं ताई! झालं!"

"कुठे झालं? नंबर दुसऱ्याचा आहे म्हणतंय अजून!"

"आधी तुम्ही घातलेले नंबर काढा!" फोनमधून आवाज आला. मी ताईंच्या खुर्चीवर अर्धा बसून माझा शहाणपणा पुसला आणि 'आपोआप' वर खूण केली. एक सेकंद, दोन सेकंद... मिळाला! ताईंनी दाखला चढवला. अर्ज गेला तेव्हा बाराला तीन मिनिटं कमी होती. ताई तिथेच टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या. मीही जरा नाक पुसलं.

"काय बिघाड होता?" साहेबांनी विचारलं.

"तांत्रिक," मी म्हणालो. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चक्क गप्प राहिल्या. हे उपकार मी विसरणार नाही.

दोन महिन्यांनी ताईंची बदली झाली. निरोपाच्या दिवशी त्या सगळ्यांना भेटल्या, मग कोपऱ्यात गेल्या आणि त्या मोकळ्या टोकाला एक चिठ्ठी बांधून आल्या. 'भाऊ, याला हात लावायचा नाही. तुमची ताई.'

वायर अजून तशीच लोंबते आहे. मी ताईंचा शब्द पाळलाय. फक्त ती चिठ्ठी जराशी तिरकी बांधली गेली आहे, आणि ऑफिसात कोणी नसलं की माझे हात असे शिवशिवतात म्हणून सांगू!