‘आलोच’ म्हणायचं नाही

गजभिये सर पोट्ट्यांच्या हातांचा वास घेतात. आमच्या कॉलेजात सेवा पथक आहे. वर्षात एकशेवीस तास समाजसेवा केली की प्रमाणपत्र मिळतं, वर दहा जादा मार्क. त्या तासांवर सही सरांची. शिकवतात केमिस्ट्री, त्यामुळे नाक तयार. नाली साफ केली म्हणणाऱ्यानं आधी दोन्ही तळवे टेबलावर ठेवायचे.

“काहून बे, हातांले तं सेंटचा वास येऊन राहिला. नाली गुलाबपाण्याची होती काय?”

पोट्टा मोबाईलवरचा फोटो पुढे करतो. मग तर सरांचं डोकंच फिरतं. “फोटो नको दाखवू. फोटोत मी बी चांगला माणूस दिसतो.”

दुसरी भानगड ‘आलोच’ची. पथकात हा शब्द बोलायची बंदी. एकदा एक पोरगी झाडू आणायला जाताना सहज “आलेच सर” म्हणाली, तर तिला थांबवून सुनावलं, “येतो म्हण, नाही तं येत नाही म्हण. आलेच नको म्हणू वं.” ती बिचारी आधी “येते” म्हणाली आणि मग झाडू आणायला गेली.

मी अर्थशास्त्र शिकवते आणि मला संशय होता तो सरांचाच. इतका दुसऱ्यांवर डोळा ठेवणाऱ्या माणसाचं स्वतःचं कुठंतरी पाणी मुरत असतं, हा माझा अनुभव. रोज सकाळी स्टाफरूममध्ये शेजारी येऊन बसले की भपकन स्पिरिटचा वास. वर, कोणी पाहत नाही असं वाटलं की स्वतःचेच तळवे नाकाशी नेणार. मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, इतवारीत मेव्हण्याच्या नावावर यांचं औषधाचं दुकान आहे.

यंदा सर रिटायर होणार, म्हणून प्राचार्यांनी त्यांचं नाव उत्कृष्ट सेवेच्या पुरस्कारासाठी पाठवायचं ठरवलं. फॉर्म भरायचं लचांड माझ्या गळ्यात आलं. त्यात एक रकाना होता, ‘विद्यार्थिदशेतील सेवाकार्य’.

“कोरा सोडा,” सर म्हणाले.

“कोरा सोडला तर फॉर्म बाद होतो. तुम्ही पथकात नव्हता का?”

“होतो नं. प्रमाणपत्र बी हाय. पण खोटं हाय.”

लाज वाटते सांगायला, पण मला आधी आनंदच झाला. म्हटलं, सापडला.

“सरकारी दवाखान्यात नेलं होतं आम्हाले,” सर टेबलाकडे बघत बोलू लागले. “एका बुढ्याच्या तोंडापाशी ग्लास धरून मी फोटो काढून घेतला. ग्लास रिकामा होता. बुढा म्हणे, बाबू, पाणी दे नं. मी म्हटलं, आलोच. बाहेर गाडीनं हॉर्न वाजवला अन् मी जाऊन बसलो.”

“मग?”

“मंग काय. एकशेवीस तास भरले, दहा मार्क भेटले. त्याच दहा मार्कांवर पास झालो, म्हणून इथं बसून राहिलो.”

“आणि रोज सकाळी...”

“त्याच दवाखान्यात जातो. ज्याचं कोणीच येत नाही, त्याले पाणी पाजतो. तोंड पुसून देतो. सिस्टर आधी हातावर स्पिरिट टाकते.” त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि त्या रकान्यावर स्वतःच्या हातानं आडवी रेघ मारली. पुरस्कार तिथंच संपला. माझं औषधाचं दुकानही.

तेवढ्यात सरांनी दोन्ही तळवे माझ्यासमोर टेबलावर ठेवले, पोट्टे ठेवतात तसेच.

“माह्या नाकाचा मले भरोसा नाही राहिला, मॅडम. तुम्हीच पाहून सांगा. आलो काय मी?”

मी वाकून वास घेतला. “आलात, सर,” म्हटलं.

सरांनी माझ्याकडे नेहमीसारखं संशयानं पाहिलं. मग हात मागे घेतले आणि म्हणाले, “उद्या सकाळी जाऊन पाहतो.”