वारलूचे एक मत

मतदानाच्या दिवशी उजाडल्यापासून वारलू कोसमटोला या वस्तीतल्या लोकांना बैलबंडीत बसवत होता आणि लोक मागच्या बाजूने उतरत होते. मोहफुले पडायला लागली होती. एक सकाळ सोडली, की फुले गुरांनी खाल्लीच म्हणून समजावे.

"वेचून येतो ना भाऊ, जराशानं," लटारू खाली पाय सोडत म्हणाला.

"जराशानं मालकाची पेटी बंद होऊन जाईन. बस चुपचाप."

मालक म्हणजे गुणवंतराव. सरकारने मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, काढून घेतल्याला काही वर्षे झाली होती, पण टोल्यात ते कुणाला फारसे जाणवले नव्हते. बियाणे हवे असो की जंगलखात्याच्या शिपायाने कुऱ्हाड जप्त केलेली असो, वारलूने मालकांच्या ओसरीवर जाऊन हात जोडायचे आणि काम करून आणायचे. बदल्यात मालक सांगतील ते गावाकडून करून घ्यायचे, हेही वारलूनेच. यंदा मालक स्वतःच छत्री चिन्ह घेऊन निवडणुकीला उभे होते. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे, त्याचे चिन्ह चिकटवलेली. "टोल्याची सगळी मतं छत्रीत पडली, तर विहीर खोदून देतो," ते म्हणाले होते. "सगळी म्हंजे सगळी." बाया अजून नाल्यात झिरा उकरून पाणी भरत होत्या. वारलूने रात्रंदिवस घोकवून घोकवून टोल्याला छत्री पाठ करवली होती.

मालकांनी पाठवलेल्या बंड्या निघाल्या आणि घाटीतल्या अरुंद वाटेवर पुढच्या बंडीचा आस मोडला. मागच्यांना ना पुढे जाता येई, ना वळता येई. ऊन चढले. तेवढ्यात समोरून, मतदान होते त्या नाक्याकडून, एक जीप आली. तीत मुरकुटे वकील होते. चांद्याचे. शिडी चिन्हावर मालकांच्या विरोधात उभे असलेले.

"बसा जीपमध्ये," वकील म्हणाले. "मत कोणालेही द्या, पण उन्हात नका राहू."

वारलू पेचात पडला. लोकांना परत न्यावे तर मते बुडाली, आणि जीपमध्ये बसवावे तर जीपवाल्याचे उपकार झाले. शेवटी त्याने एकेकाच्या कानात सांगितले, "बसाचं जीपमंदी, टाकाचं छत्रीत." त्याची बायको गुणाबाई बसताना काही बोलायला लागली, तर तिलाही त्याने हेच बजावले.

जीपने खेपा केल्या. शेवटच्या खेपेला वारलू एकटाच उरला.

"वारलूभाऊ, तुमच्या टोल्याले काय पाहिजे?" वकिलांनी विचारले.

"मालक विहीर देऊन राह्यले."

"ते मालकांचं झालं. तुमाले सोताले काय वाटते?"

असे त्याला आजवर कुणी विचारलेच नव्हते. मग तो बोलायला लागला. तेंदूच्या पानांचा भाव, पोरांसाठी शाळा, पावसाळ्यात तुटणारी वाट. जीप नाक्यावर थांबली तरी तो बोलतच होता आणि वकील ऐकत होते.

पडद्याआड दोन पेट्या होत्या, एकीवर छत्री, दुसरीवर शिडी. वारलू हातात चिठ्ठी धरून उभा राहिला. मग हात शिडीकडे गेला. बाहेर आला तेव्हा त्याने कुणाकडे वर पाहिले नाही. आतून मात्र बरे वाटत होते, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

मालक निवडून आले. पण नाक्यावरचे केंद्र टोल्यापुरतेच होते आणि तिथल्या शिडीच्या पेटीत एक मत निघाले.

"हा कोण, ते शोधून आण," मालक वारलूला म्हणाले. "तुयाशिवाय दुसऱ्यावर माहा भरोसा नाई. तोवर विहीर राहू दे."

वारलूला शोधावे काहीच लागणार नव्हते, आणि गावाने तर लटारूला आधीच धरले होते. बंडीतून उतरताना वारलूने त्यालाच दटावले होते ना. झिऱ्यावर लटारूच्या बायकोला कुणी जागा देईना. सख्ख्या मेव्हण्याने त्याला वखरणीला बैल दिले नाहीत. एक दिवस लटारूच येऊन म्हणाला, "वारलूभाऊ, म्या छत्रीतच टाकलं होतं. पण आता मलेच शंका येऊन राह्यली."

ते वारलूला सोसले नाही. तो तसाच उठून मालकांच्या ओसरीवर गेला.

"मालक, ते मत माहं होतं."

मालकांनी त्याच्याकडे टक लावून पाहिले. मग त्यांचे डोळे भरून आले.

"गावासाठी सोतावर घेऊन राह्यला?"

"नाई जी. खरंच म्याच टाकलं. हातानं. शिडीत."

"बस झालं. चांगला माणूस आहेस तू," त्यांनी वारलूच्या खांद्यावर हात ठेवला. "जाय, उद्यापासून विहिरीचं काम लावतो. आन त्या हरामखोराचं नाव आता मले नको सांगू."

वारलू घरी आला आणि भाकरीसमोर नुसताच बसून राहिला. गुणाबाईने दोनदा विचारल्यावर त्याने सगळे सांगितले.

"विहीर भेटली ना? मंग काऊन असे बसले?"

"जिंदगीत एक काम आपल्या मनानं केलं," वारलू म्हणाला. "आन तेबी कोणी कबूल करून नाई राह्यलं."

गुणाबाईने चुलीतले लाकूड मागे ओढले.

"तवाच काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली. "मलेबी तिकडंच टाकाचं होतं. तुमीच तर छत्री छत्री करून डोकं खाल्लं."