खोट्यांची वही

आठवडाभर बोललेलं प्रत्येक खोटं वहीत लिहून आणा, असं तत्त्वज्ञान-परिचयाच्या सरांनी सांगितलं, तेव्हा वर्गातली पोरं हसली आणि सूनबाईने नवी वही विकत घेतली. वय एकोणचाळीस, दिवसा दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवून घेण्याचं काम, संध्याकाळी विद्यापीठ. कुणाला, काय आणि कोणत्या कारणाने, एवढंच लिहायचं होतं. शुक्रवारी वही दिली नाही तर परीक्षेला बसता येणार नव्हतं.

बाकीची पोरं गुरुवारी बसून चार-पाच बरी दिसणारी खोटी रचणार होती. सूनबाईच्या डोक्यात हे आलंच नाही. विजेची बिलंसुद्धा तारखेप्रमाणे लावून ठेवणारी बाई ती. सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्या सव्वीस नोंदी झाल्या. त्यातल्या एकोणीस 'अजिबात दुखणार नाही' आणि उरलेल्या 'डॉक्टर निघालेच आहेत'.

बुधवारी वही जेवणाच्या टेबलावर राहिली. सासूबाईंना वाटलं, वाणसामानाची यादी असेल. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं: 'मंगळवार, सकाळी साडेसात. सासूबाईंना. तुम्ही विणलेला यांचा स्वेटर अगदी मापात झालाय. कारण: घरात शांतता.'

नवरा तिथेच होता. मिटवामिटवी करायला तो म्हणाला की हे सगळं अभ्यासासाठी रचलेलं आहे, स्वेटर उत्तम बसतो. पटावं म्हणून त्याने दोन्ही हात वर केले. तो स्वेटर त्याच्या अंगातच होता, आणि उजवा पंजा काही बाहीबाहेर आला नाही.

सासूबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही मुकाट्याने आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. गुरुवारी सकाळी सूनबाई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. वही नसेल तर वर्ष वाया जाईल, असं तिने सांगून पाहिलं.

"आधी खरं बोल," सासूबाई म्हणाल्या. "स्वेटर कसा झालाय?"

लग्नाच्या अकरा वर्षांत असा प्रसंग आला नव्हता. "उजवी बाही चार बोटं लांब आहे. आणि गळा इतका घट्ट, की घालताना यांचे कान सोलून निघतात."

सासूबाई आत गेल्या आणि दार लावून बसल्या. शुक्रवारी सकाळी वही चपलांच्या फळीवर होती आणि शेजारी स्वेटर उसवून केलेला लोकरीचा गुंडा.

बसमध्ये सूनबाईने वही उघडली. शेवटची तीन पानं सासूबाईंच्या अक्षरात भरलेली होती. 'सुनेला. तुझ्या हातचं सगळं आवडतं. दर रविवारी. कारण: रविवारी मला स्वयंपाकाचा कंटाळा येतो.' 'शेजारणीला. आमची सून दातांची डॉक्टर आहे. कारण: शेजारीण.' आणि सर्वांत खाली: 'सुनेला. या वयात शिकण्यात काही अर्थ नाही. कारण: मला कुणी शिकू दिलं नव्हतं.'

सूनबाईला भर बसमध्ये रडू आलं. उतरायचं ठिकाणही मागे गेलं.

सरांनी वही जांभया देत चाळली. शेवटच्या तीन पानांवर मात्र ते खुर्चीत ताठ बसले आणि ही कुणी लिहिली म्हणून विचारलं. तिने खरं ते सांगितलं. सर हळहळले, पण नियम म्हणजे नियम. दुसऱ्याचं लिखाण चालणार नव्हतं. तिने ती पानं हलक्या हाताने काढून पर्समध्ये ठेवली. उरलेल्या वहीला वीसपैकी आठ गुण पडले. शेरा होता: 'नोंदी भरपूर, विचार कमी.' परीक्षेला बसण्यापुरते ते गुण पुरे होते.

घरी सासूबाई मुलाच्या हाताला टेप लावून माप घेत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, "माझ्या पानांना सर काय म्हणाले?"

"अठरा दिले," सूनबाई म्हणाली. "वर्गात वाचूनही दाखवली."

"आणि तुझ्या?"

"आठ."

सासूबाईंनी टेप गुंडाळली. "होईल हळूहळू. जरा मनापासून लिहीत जा," त्या म्हणाल्या आणि शेजारणीकडे निघाल्या.