ओल्या फडक्यावरचा चहा

उंब्रजच्या बापूच्या घरी चहा ओल्या फडक्यावर मिळतो. टेबलावर आधी पाण्यातून पिळून काढलेले जाड सुती फडके अंथरले जाते आणि मग त्यावर कप ठेवले जातात. नवखा पाहुणा कोपर टेकतो, बाही भिजवून घेतो आणि भिडेपोटी गप्प राहतो. बापूला त्यात वावगे काही दिसत नाही. जहाज डोलू लागले की कोरड्या टेबलावरची ताटे घसरतात, ओल्यावरची जागा सोडत नाहीत. बापूने एकतीस वर्षे व्यापारी जहाजांवर स्वयंपाक केला. उंब्रजची जमीन डोलत नाही, हे त्याला मान्य आहे. "पन भरोसा काय, चीफसाब?" एवढेच त्याचे म्हणणे.

मीही त्याच धंद्यातला. निवृत्त चीफ इंजिनिअर, वास्तव्य साताऱ्यात. दोन जहाजांवर आम्ही बरोबर होतो. दर गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने मी उंब्रजला जातो. ज्याच्याशी समुद्राविषयी बोलावे असा माणूस साताऱ्यात मिळत नाही. तेथे निवृत्त म्हणजे बहुधा फौजी, आणि फौजी दुसऱ्याला बोलू देत नाही.

बापू पातेले कधीही अर्ध्याच्या वर भरत नाही. फळीवरच्या बरण्यांना त्याने दोरीचा आडवा बंद घातला आहे. त्याची पत्नी शालनवहिनी जिरे काढायला गेल्या की आधी गाठ सोडावी लागते.

"आवं, घर हाय का बोट हाय हे?" त्या विचारतात.

"बोट असती तर एवढं बोलायची मुभा नसती तुला."

"बोट असती तर मी कवाच उतरले असते."

बापूची स्मरणशक्ती पक्की आहे, परंतु ती सर्वस्वी स्वयंपाकघरात वसते. बंदरे त्याला भाज्यांवरून आठवतात आणि वादळे सांडलेल्या पदार्थांवरून. एका वादळात आमची वंगणाची नळी फुटली होती आणि मी सोळा तास इंजिनखोलीतून वर आलो नव्हतो. बापूच्या लेखी तो दिवस म्हणजे "कोंबडीचा रस्सा गेला तो दिवस". नळीचे त्याला आठवत नाही, रश्शाचे मला आठवत नाही. या एका दिवसावर आम्ही अनेक गुरुवार भांडलो आहोत.

त्याचा मुलगा संदीप जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे. स्वयंपाक्याचा मुलगा अधिकारी झाला, याविषयी बापू एक अक्षर बोलत नाही. फक्त संदीपचा गणवेशातला फोटो त्याने भिंतीला दोन खिळ्यांनी ठोकला आहे. एका खिळ्यावरचा फोटो डोलतो.

गेल्या पावसाळ्यातील एका गुरुवारी मी पोहोचलो तेव्हा टेबलावरच्या फडक्यातून पाणी खाली ठिबकत होते. बापू चिंतेत असला की फडके नीट पिळत नाही. संदीपचे जहाज आफ्रिकेच्या टोकाखालून जात होते. त्या महिन्यांत तेथील समुद्राची कीर्ती चांगली नाही. मोबाइलवर जहाजाची जागा दाखवणारा बाण पाच दिवस तसूभर हलला नव्हता. कंपनीच्या कार्यालयाने "माहिती घेऊन कळवतो" असे सांगितले होते. समुद्रावर काम केलेल्या माणसाला हे वाक्य झोपू देत नाही.

"बाण हलत नाही, ते सोडा," मी म्हणालो. "भर समुद्रात किनाऱ्यावरच्या यंत्रांना जहाज दिसत नाही. म्हणून बाण थांबतो."

"ते मला ठाव हाय. पन हे ऐका."

त्या पहाटे संदीपचा एक आवाजी निरोप आला होता. 'बाबा, जरा कामात आहे. नंतर बोलतो.' इतकाच. बापूने फोन माझ्या कानाला लावला.

"त्याचं बोलनं ऐकू नगा. मागचं ऐका. तुमी इंजिनवाले. इंजिन चालू हाय का, तेवढं सांगा."

मी तीन वेळा ऐकले. मोठ्या इंजिनाचा ठोका भिंतीतून, मजल्यातून येतो. तो आवाजापेक्षा हादरा अधिक असतो. येथे तो नव्हता. मागे केवळ जनरेटरची बारीक गुणगुण होती.

"फोनवर स्पष्ट कळत नाही," मी म्हणालो.

बापूने फोन काढून घेतला. "चीफसाब, एकतीस वर्सं आफिसरांची तोंडं बघून जेवन वाढलंय. तुमचं तोंड मला वाचता येतंया."

मग मी खरे सांगितले. मुख्य इंजिन बंद होते. इंजिन बंद पडलेले जहाज लाटांना आडवे होते आणि मग कोणाचेच ऐकत नाही. हे मला सांगावे लागले नाही. बापू उठला आणि त्याने डाळ-तांदूळ धुवायला घेतले. खवळलेल्या समुद्रात जहाजावर खिचडीच शिजते. त्याने ती तीन पातेल्यांत शिजवली, प्रत्येक पातेले अर्धे.

"आवं, खानार कोन हाय एवढं?" वहिनींनी विचारले.

"लोक उपाशी ऱ्हात्यात गं अशा वक्ताला."

"कंचे लोक?"

बापू तिसऱ्या पातेल्यात मीठ घालत राहिला. मी घड्याळाकडे पाहत बसलो. जेवणाची वेळ झाली आणि टळली. पातेल्यांवर झाकणे होती. ती कोणी उचलली नाहीत.

साडेतीनला फोन वाजला. बापूने तो तत्काळ घेतला नाही. आधी ओले हात पुसले, खाकरला, आणि मग घेऊन स्पीकर लावला.

चार नंबरच्या सिलिंडरचा पिस्टन बदलावा लागला होता. चौदा तास इंजिन बंद. आता जहाज पुन्हा चालू लागले होते. संदीपचा आवाज दमलेला होता, पण त्याच्यामागे ठोका होता. मी बापूकडे पाहून मान हलवली.

"बाबा, तुम्ही काळजी करत बसाल म्हणून सकाळी बोललो नाही."

"आमी कशाला काळजी करू? आमी काय घाटावरचं शेतकरी हाय? निवांत बसलोय. तू जेवलास का?"

एवढेच बोलणे झाले. बापूने फोन ठेवला आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. मग पत्नीला म्हणाला, "शालन, पाच दिसांत माझी ही गत झाली. एकतीस वर्सं तू काय करायचीस गं?"

वहिनी खिचडी ताटांत वाढत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितले, "रेडिओ ऐकायचे."

"गानी?"

"गानी कशाची? कोळ्यांसाठी बातमी लागायची सांजची. दर्या खवळलाय, होड्या घालू नगा, असं सांगायचे. तसं सांगितलं, की मला घास गिळायचा न्हाई."

"अगं, ती कोकनाची बातमी. मी तवा ब्राझीलला असायचो."

"मला काय ठाव? दर्या एकच की."

मी मान खाली घातली. माझ्याही घरी रेडिओ होता.

"हे कवा बोलली न्हाईस," बापू म्हणाला.

"तुमी कवा इचारलंत? आलात की भाज्यांचं सांगायचा."

माझ्या एस.टी.ची वेळ झाली होती. एरवी बापू मला थांब्यापर्यंत पोहोचवतो. त्या दिवशी मी निघालो हे त्याच्या ध्यानातही आले नाही. ताट हातात घेऊन तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सरकला होता.

"सांग," तो म्हणत होता, "पयल्या सफरीपासनं सांग."

मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता बाहेर पडलो.