शुक्रवारी नऊ ते एक

शुक्रवारी नऊ ते एक हेस्टरची सहल होती आणि दोन वाजता वडिलांचे दफन. डायरीत दोन्ही नोंदी एकाखाली एक होत्या, त्याच निळ्या पेनाने, आणि मध्ये एक तास मोकळा होता.

अंत्यविधीवाल्याने विचारले होते, "शुक्रवार कसा वाटतो?" तेव्हा तिने आधी डायरी उघडली आणि मग म्हणाली, "एकपर्यंत मी कामात आहे. दोनला जमेल." त्यानेही आपली डायरी उघडून दोनच्या रकान्यात लिहिले. दोघांनाही त्यात काही विचित्र वाटले नाही. हेस्टर पर्यटकांची वाटाडी होती आणि ही सहल चार महिन्यांपूर्वी ठरली होती. कॅनडाचे ग्लेन आणि डॉरीन, लग्नाला चाळीस वर्षे, फक्त दोघांसाठी गाडी, अर्धा दिवस पवनचक्क्यांच्या गावात. सोमवारी रद्द करायला तिने फोन लावला तर डॉरीन विमानतळावरच होती. "अगं, आम्ही दोघं रात्रभर झोपलो नाही आनंदाने!" ती म्हणाली. ठरलेली वेळ मोडायला मरण हे कारण हेस्टरच्या देशात पुरेसे आहे, पण ते आधी कळवावे लागते. हेस्टरने फोन ठेवला आणि गाडी धुवायला काढली.

तिचे वडील माइंडर्ट यांनी उभा जन्म 'करडा बगळा' चालवला. गावाच्या टोकाला, नदीच्या बांधावरची मोहरी दळणारी पवनचक्की. गावात कोणी गेले की तिची पाती ते स्वतः दुखवट्यात लावत. वरचे पाते शिखर ओलांडून जरासे पुढे गेले की थांबवायचे. लग्न असले किंवा बाळ झाले की उलट: पाते शिखराला पोचण्याआधीच थांबवायचे, म्हणजे आनंद यायचा आहे. दातांच्या ज्या डॉक्टरशी त्यांनी अकरा वर्षे अबोला धरला होता, त्याच्यासाठीसुद्धा पाती तीन वेळा फिरवून त्यांनी नेमकी लावली होती. स्वतःसाठी त्यांचे एकच मागणे होते.

"पेटी हवी ती घ्या. भाषणं केलीत तरी चालतील, मला ऐकू येणार नाहीत. पण बांधावरून नेताना पाती नीट हवीत."

रविवारी शहरातल्या इस्पितळात ते गेले तेव्हा हेस्टरने पहिला फोन फोल्कर्टला केला. फोल्कर्ट सदुसष्ट वर्षांचा, निवृत्त भूमापक. दोन वर्षांपासून तो वडिलांच्या हाताखाली चक्की शिकत होता आणि परीक्षेत दोनदा नापास झाला होता. "दुखवट्यात लावा," ती म्हणाली. "लावतो," तो म्हणाला आणि रडू लागला. पुढचे पाच दिवस ती शहरातच कागदपत्रे, फुले आणि पेटी यांत अडकली. गावाकडे ती आज प्रथमच येत होती.

आधी तिने पाहुण्यांना लाकडी बूट कोरणाऱ्याकडे नेले, मग नदीकाठच्या हिरव्या घरांसमोर त्यांचे फोटो काढले. पात्यांची भाषाही समजावली. अलीकडे आनंद, पलीकडे दुखवटा. वीस वर्षे पाठ असलेली वाक्ये होती, आवाज कुठेही हलला नाही. वडिलांचे काही सांगितले नाही. लोक सुटीवर आलेले असतात.

साडेअकराला गाडी बांधावर वळली. ग्लेन पुढे वाकला.

"डॉरीन, बघ! पातं अलीकडेच थांबलंय. म्हणजे आनंद ना?"

हेस्टरने गाडी थांबवली. काचेतून ती बघत राहिली. वरचे पाते शिखराच्या अलीकडे, सुंदर, नेमके, एखाद्या नवरीसाठी लावावे तसे.

"आमच्यासाठी?" डॉरीन सीटवरून पुढे सरकली. "आमच्या चाळीस वर्षांसाठी? तू गावाला सांगितलंस?"

खरे उत्तर द्यायला हेस्टरला दोन सेकंद हवे होते. तेवढ्यात डॉरीनने मागच्या सीटवरूनच तिच्या गळ्याला मिठी मारली होती.

पाहुण्यांना तिने समोरच्या चीजच्या दुकानात धाडले आणि चक्कीचा जिना चढून वर गोल सज्ज्यावर गेली. फोल्कर्ट काळा कोट घालून तिथे कठडा पुसत होता.

"फोल्कर्ट, पाती."

"बघितलीस?" तो हळवा झाला. "अंशा-अंशाने लावलीत. पुस्तकातलं चित्र समोर धरून."

"कुठे उभं राहून?"

"मागे. ब्रेकचा दोर मागेच असतो ना."

"आणि चित्र कुठून काढलेलं आहे?"

 तीस वर्षे फोल्कर्टने देशाची जमीन मोजली होती. त्याने हवेत बोटाने एक पाते काढले, स्वतःभोवती वळला, पुन्हा काढले. मग खाली बसला.

"समोरून," तो म्हणाला.

"पाच दिवस अशी उभी आहेत?"

"बायकोला सोमवारीच दिसलं होतं म्हणे. काल बोलली. मी म्हटलं, तुला काय कळतं. ती म्हणाली, मला वाटलं तुला माहीत असेल."

फार काही करायचे नव्हते. ब्रेक सैल करायचा, पाती दीड हात पुढे जाऊ द्यायची, ब्रेक लावायचा. वाऱ्याची एक झुळूक पुरे होती. पण त्या दिवशी नदीवर एक सुरकुती नव्हती. पलीकडच्या काठावरच्या धुराड्यातला धूर ताठ वर जात होता.

"हाताने ढकलू," हेस्टर म्हणाली. "खालचं पातं सज्ज्यावरून हाताला लागतं. साखळी काढा."

पाती जागेवर राहावीत म्हणून त्यांना साखळी असते आणि साखळीला कुलूप. फोल्कर्टने पाच दिवसांपूर्वी ते दाबून बंद केले होते.

"किल्ली?"

"माइंडर्टकडेच असायची. त्याच्या बंडीच्या खिशात."

हेस्टरने कठडा धरला. वडिलांची ती करडी बंडी त्यांना घालायला तिनेच इस्त्री करून अंत्यविधीवाल्याकडे दिली होती. खिशात काहीतरी जड लागले होते. तिला माहीत होते ते काय आहे. किल्लीशिवाय ते कधी घराबाहेर पडले नव्हते, म्हणून तिने ती तशीच राहू दिली होती.

"ती त्यांच्याबरोबर आहे," ती म्हणाली.

"मग फोन करून—"

"फोल्कर्ट, पेटी बंद झालीय."

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. चीजच्या दुकानाची आलिदामावशी वर आली. सत्तरीची, पांढरा अंगरखा, कमरेला सुरी. तिच्यामागे ग्लेन आणि डॉरीन, दोघांच्या हातात चीजचा एकेक गोल.

"हेस्टर, मी काही बोलणार नाही," आलिदामावशी म्हणाली. असे म्हटल्यावर ती सहसा पाव तास बोलत असे. "पाच दिवस आम्ही बघतोय. मी म्हटलं, त्यांच्या घरचा प्रश्न आहे, बापलेकीचं काय होतं कुणाला ठाऊक. आमचा मुलगा यान म्हणाला, चक्की विकली असेल, भाव बरा आला असेल. मी म्हटलं, गप बस. पण आज ही बाई माझ्या दुकानात येते नि सांगते, ही पाती आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची! बाप अजून मातीत गेला नाही गं तुझा!"

"मावशी, चूक झालीय. पाती उलटी लागलीत."

"ते मला दिसतंय. आंधळी नाही मी."

"मग पाच दिवसांत एकदा तरी फोन करायचा!"

"दुसऱ्याच्या पात्यांत मी कशाला नाक खुपसू?"

डॉरीन आळीपाळीने दोघींकडे बघत होती. "काही झालंय का?" तिने विचारले.

आलिदामावशी पाहुण्यांची भाषा चीज विकण्यापुरतीच बोलत असे, त्यामुळे उत्तर फार थोडक्यात झाले. हेस्टरकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हिचा बाप. मेला. आज दोन वाजता पुरणार."

डॉरीनने चीज खाली ठेवले.

"आणि तू आम्हाला सकाळपासून लाकडी बूट दाखवतेयस?"

"तुमचं नऊ ते एक ठरलं होतं," हेस्टर म्हणाली. तिला ते खरोखरच पुरेसे कारण वाटत होते. पण वाक्य संपेपर्यंत आवाज नीट राहिला नाही.

 धान्याच्या कोठारांवर ग्लेनचा जन्म गेला होता. त्याने कोट काढून कठड्यावर टाकला, साखळी हातात घेऊन वजन पाहिले आणि विचारले, "करवत आहे?"

करवत होती. फोल्कर्टची, पक्ष्यांची घरटी बनवायची, वीतभर लांब. साखळी माइंडर्टने स्वतः निवडलेली होती, त्यामुळे कापायला दीड तास लागला. आलिदामावशी मध्ये जाऊन कॉफी घेऊन आली, प्रत्येकाला एक बिस्किट दिले आणि डबा बंद केला. एक वाजला तेव्हा हेस्टर पाहुण्यांना म्हणाली, "तुमची वेळ संपली. तुम्हाला हॉटेलवर सोडायला हवं खरं तर." डॉरीन म्हणाली, "वेड्यासारखं बोलू नकोस, पोरी."

दीडला साखळी तुटली. पावणेदोनला गाड्या बांधावरून जाणार होत्या.

ग्लेन आणि हेस्टरने खालच्या पात्याला खांदा लावला. फोल्कर्ट मागच्या बाजूला दोर धरून उभा राहिला. तिथून त्याला पुढचे दिसत नव्हते आणि पुढच्यांना तो दिसत नव्हता, म्हणून डॉरीन मध्ये कोपऱ्यावर उभी राहिली.

"सोडा!" हेस्टर ओरडली.

"सोडा म्हणतेय!" डॉरीन ओरडली.

वर कुठेतरी लाकूड कण्हले. पाते एक बोटभर हलले, मग वीतभर. त्याच क्षणी नदीवर एक काळपट रेघ उठली आणि पाण्यावरून सरकत चक्कीकडे आली. सकाळपासून न आलेला सगळा वारा बहुधा त्याच रेघेच्या मागे दबा धरून बसला होता. पाते खांद्यावरून निसटले. ग्लेनने हेस्टरला दंडाला धरून मागे खेचले, आणि 'करडा बगळा' फिरू लागला.

"लावा! ब्रेक लावा!"

"लावा म्हणतेय!"

"लागत नाहीये!" मागून फोल्कर्ट ओरडला. "दोर ओढून सोडायचा की ओढून धरायचा?"

"तुम्ही परीक्षेला बसला होता ना?"

"ह्याच प्रश्नाला नापास झालो!"

पाती अशी फिरत होती की सज्जा थरथरत होता. खालून मोहरीचा जुना तिखट वास वर आला. ग्लेन मागे धावला. हेस्टरने कठड्यावरून वाकून पाहिले. बांधाच्या टोकाला काळी गाडी वळली होती. तिच्यामागे अकरा गाड्या, आणि त्या देशाच्या रीतीप्रमाणे दोन मिनिटे लवकर.

ती जिना उतरली. डॉरीन आणि आलिदामावशी मागोमाग. बांधावर पोचेपर्यंत काळी गाडी चक्कीसमोर येऊन थांबली होती. पुढे जावे की नाही हे चालकाला कळेना. गावकरी दारांत उभे होते. सगळे वर बघत होते. दुखवटाही नाही, आनंदही नाही. बुधवारी सकाळी असावे तसे सरळ काम चालू होते.

दुसऱ्या गाडीतून बारेंटकाका काठी टेकत उतरला. शेजारच्या गावचा चक्कीवाला, ऐंशीच्या पुढचा. माइंडर्टशी पन्नास वर्षे त्याचे कोणत्याही गोष्टीवर एकमत झाले नव्हते आणि पेटीला खांदा देणाऱ्यांत त्याचे नाव पहिले होते.

"हे काय चाललंय, हेस्टर?"

"थांबवतायत, काका."

वर सज्ज्याच्या मागच्या बाजूला ग्लेन आणि फोल्कर्ट दोघेही दोराला लोंबकळले असावेत. धाड्‌ असा आवाज झाला. पाती जड झाली, एक फेरा, अर्धा फेरा, आणि थांबली.

 वरचे पाते अलीकडे नव्हते आणि पलीकडेही नव्हते. ते थेट शिखरावर होते, ओळंब्याने लावावे तसे सरळ. बांधावरच्या प्रत्येकाला त्याचा अर्थ माहीत होता, म्हणून कोणी तो उच्चारला नाही. डॉरीनने आलिदामावशीच्या कानाशी लागून विचारले, "आणि हे? याचा अर्थ काय?"

आलिदामावशीने नाक पुसले. "चक्कीवाला बाहेर गेला," ती म्हणाली. "लगेच येतो."

सज्ज्याच्या कठड्यावर फोल्कर्टचे लालबुंद तोंड दिसले. "हेस्टर! दीड हातच! दोन मिनिटं द्या, मी लावतो! आता मला जमतंय!"

बारेंटकाकाने मान वर करून पाहिले. "माइंडर्ट असता तर ह्या माणसाची सालटी काढली असती," तो म्हणाला. "आणि तुझीही."

"काढलीच असती."

"मग सांग त्याला, ढकल म्हणावं. वेळ आहे अजून."

हेस्टरने काळ्या गाडीच्या काचेवर हात ठेवला. आत फुलांखाली पेटी होती, पेटीत बंडी, बंडीत किल्ली. काच गार होती. तिने हात काढला, कोटाची बटणे लावली आणि चालकाला निघायची खूण केली.

"राहू दे तशीच," ती म्हणाली.

"हे चूक आहे, पोरी. त्याला खपायचं नाही."

"नाहीच खपायचं," हेस्टर म्हणाली आणि गाडीमागून चालू लागली. "येऊन ओरडू देत."