गाडीतला बल्ब आणि पंधरा मिनिटं

एकतीस वर्षं मी ज्युनिअर कॉलेजात पोरांना विद्युतधारा शिकवली. ओहमचा नियम मला झोपेतून उठवून विचारा! तेव्हा गाडीतला एक बोराएवढा बल्ब बदलायला मेकॅनिक कशाला, असं मी बायकोला, भानुमतीला, ठणकावून सांगितलं, त्यात माझं काय चुकलं? थांबा, इतक्यात उत्तर देऊ नका.

आमची मुलगी स्वरदा नोकरीसाठी जर्मनीला निघाली होती. मंगळवारी दुपारी चारचं मुंबईचं विमान, तिथून पुढं. रविवारी तिच्या कानातलं गाडीत पडलं. शोधता शोधता ती म्हणाली, "बाबा, आतला लाईट लागत नाही."

चार महिन्यांत ती आपण होऊन माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य! नोकरीचं पत्र आलं त्या दिवशी मी चार पाहुण्यांसमोर म्हणालो होतो, "तिकडं जाऊन काय दिवे लावणार आहेस?" पाहुणे हसले. पोरगी उठून आत गेली. तेव्हापासून आमचा सगळा पत्रव्यवहार आईमार्फत चालला होता.

मी मात्र मनाशी ठरवलं होतं. सिडकोतल्या घरापासून चिकलठाण्याचं विमानतळ पंधरा मिनिटं. तेवढ्यात सांगून टाकायचं, की बेटा, चुकलं माझं. गाडी चालवताना हे बरं असतं, समोर बघत बोलता येतं. आणि ज्या गाडीतून पोरगी जाणार, त्या गाडीत दिवाही लागत नाही, हे काही बरोबर नाही!

सोमवारी भर दुपारी कामाला लागलो. छतातल्या दिव्याचं प्लॅस्टिकचं झाकण निघेना, म्हणून स्वयंपाकघरातलं उलथणं आणलं. झाकण असं उडालं की थेट माझ्या कपाळावर! जुना बल्ब काढून डॅशबोर्डवर ठेवला, नवा बसवला, झाकण ठोकलं. मग बटण डावीकडं केलं, उजवीकडं केलं, मधे आणलं, परत डावीकडं केलं. बाहेर मे महिन्याचं ऊन असं की सूर्यही नीट दिसत नव्हता, बल्ब कुठला दिसतोय!

"लागतोय का?" भानुमतीनं दारातून विचारलं.

"लागतोय म्हणजे काय! लागणारच!"

आणि धूळ बसू नये म्हणून मी गाडीवर कव्हर घातलं.

मंगळवारी दुपारी दोन वाजता बॅगा डिकीत गेल्या. मायलेकी मागं बसल्या. मी किल्ली फिरवली. गाडी 'टक्' म्हणाली. पुन्हा फिरवली. पुन्हा 'टक्.' म्हाताऱ्यानं जीभ वाजवून पानाला नकार द्यावा तसा आवाज!

"अहो, काय झालं?"

"काही नाही, गरम होतेय."

"बंद गाडी गरम होतेय?"

तेवढ्यात शेजारचे बन्सीभाऊ आले. त्यांची शेती बिडकीनला. ठिबकच्या पाइपांनी भरलेली पिकअप घेऊन ते निघालेच होते. त्यांनी खिडकीतून मान आत घातली, वर बघितलं आणि म्हणाले, "सर, ह्यो लाईट कधीपासून चालू हाय?"

वर बघितलं. दिवा होता. विझता विझता राहिलेल्या उदबत्तीएवढा, पण होता! कालपासून कव्हराखाली बसून त्यानं माझी सगळी बॅटरी पिऊन टाकली होती.

"लई जुनी बॅटरी दिसती. ढकलून बघू," बन्सीभाऊ म्हणाले.

मी स्टिअरिंगवर. मागून बन्सीभाऊ, भानुमती आणि परदेशी जाण्यासाठी नवा ड्रेस घातलेली माझी मुलगी! गाडी निघाली. ढकलणाऱ्यांना नीट सूचना द्याव्यात म्हणून मी मागं वळून ओरडलो, "जोर लावा!" आणि पुढचं चाक पाइपलाइनसाठी खोदलेल्या चरात गेलं.

गल्ली बंद! मागं लगेच पाण्याचा टँकर येऊन थडकला. ड्रायव्हर भोंगा दाबूनच खाली उतरला. "चच्चा, गाडी हटाओ ना! लोगां पानी के वास्ते खडे हैं!"

भानुमतीनं घड्याळ बघितलं. अडीच. "भाऊ, तुमच्या गाडीत न्याल का हो?"

"न्यायचं काय, चला की! ह्या पुढच्या टोकानं निघू. दोरखंड शेतावर हाय, येताना घेऊन सरांची गाडी वढू."

बॅगा पाइपांवर चढल्या. पिकअपमध्ये पुढं जागा तिघांचीच. मी पाइपांवर बसायला निघालो, तर टँकरवाल्यानं माझा दंड धरला. "आप किधर चले? गाडी कौन निकालेगा?"

स्वरदा माझ्या पाया पडली. हातांना गाडीची धूळ लागली होती तिच्या.

"येते, बाबा."

"हं."

उठून तिनं हात झटकले. "काही म्हणायचं होतं का तुम्हाला?"

सगळी गल्ली बघत होती. टँकरवाला बघत होता.

"सीटबेल्ट लाव," मी म्हणालो.

पिकअप वळणावरून दिसेनाशी झाली. मी तिरक्या गाडीत तिरका बसून राहिलो. गल्लीतल्या बायका कळश्या, बादल्या घेऊन टँकरपाशीच आल्या आणि माझ्या गाडीला वळसा घालून पाणी नेऊ लागल्या. मला कुणी काही बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साडेतीनला फोन वाजला.

"बाबा, आत आले मी. दहा मिनिटांत विमानात सोडतील."

"स्वरदा, ऐक. त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी जे—"

भोंऽऽऽ! टँकर रिकामा झाला होता आणि ड्रायव्हरला मागं जायचं होतं.

"बाबा, काहीच ऐकू येत नाही! मेसेज करा!"

मी चष्मा पुसून टाइप करायला घेतलं. 'प्रिय स्वरदा' लिहिलं. पुढं आठ ओळी लिहिल्या. वाचल्या. प्राचार्यांना दिलेल्या अर्जासारख्या वाटल्या. पुसल्या. पुन्हा चार लिहिल्या. त्या वाचताना माझंच नाक वाहायला लागलं, म्हणून त्याही पुसल्या.

बन्सीभाऊ भानुमतीला घेऊन परत आले, गाडी वर ओढली, आपल्या बॅटरीला वायरी जोडून सुरूही केली. मग डॅशबोर्डवरचा जुना बल्ब उचलून त्यांनी सहज लावून बघितला. झक्क पेटला!

"सर, ह्याला काय धाड भरलीया? बटण बंद आसंल फकस्त."

डोक्यावरून विमान गेलं. तिचंच होतं की दुसरं, कोण जाणे. मी घाईघाईनं मेसेज पाठवला, 'नीट जा. पोचलीस की कळव.'

दुसऱ्या दिवशी तिकडून उत्तर आलं. एक अंगठा.

भानुमतीनं माझा फोन हातात घेतला, स्वरदाच्या फोनची वेळ बघितली, दोन्ही मेसेज वाचले आणि म्हणाली, "एवढ्यासाठी अर्धा तास लागला तुम्हाला?"

मी म्हटलं, "अगं, मराठी टायपिंगची सवय नाही ना!"